घड्याळ फक्त दाखवतं

सोमवार, ४ मार्च

नवी नोकरी आणि नवी वही, दोन्हींचा आज श्रीगणेशा. याआधीच्या माझ्या वह्या पाच-सहा पानांतच आटपल्या होत्या. वहिनीचं म्हणणं, माझ्या नोकऱ्यांचंही तेच होतं. वहिनीला खोटं बोलता येत नाही ही तिची एकुलती एक खोड, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला येते.

सभागृह बघून मी जाम खूश आहे. बाहेरून गोदामासारखं दिसतं, पण आत वांगी रंगाच्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि सगळ्यात मागे, उंचावर, आमची काचेची केबिन. केबिनीत एक लांबलचक टेबल. डावीकडे दादाचं साउंडचं बोर्ड, उजवीकडे माझी यंत्रं. इथून अख्खं स्टेज दिसतं, आणि स्टेजवरच्यांना आपण दिसत नाही. मला अशीच जागा हवी होती.

दादा इथे आठ वर्षं आहे. त्याला सगळे साउंडवाले म्हणतात. दादा म्हणणारी या इमारतीत मी एकटी, कारण तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे. त्यानेच माझं नाव सुचवलं. बहीण फार कामसू आहे असं तोंड वर करून सांगितलं, आणि मग मला बाजूला घेऊन बजावलं, की माझं नाक कापू नकोस. माझं काम सोपं आहे. कार्यक्रम चालू असताना मोठ्या पडद्यावर ज्या फिल्म लावायच्या असतात त्या वेळेवर सुरू करायच्या, वेळेवर संपवायच्या.

इथल्या दोघांना मी लगेच नावं ठेवली. किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे आजोबा प्रत्येक कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतात. ते कुलूपकाका. मॅनेजरबाई प्रत्येक वाक्य ‘लवकर’ने सुरू करतात. त्या घाईबाई. नावं अर्थात मनातल्या मनात. पहिल्याच आठवड्यात वैर नको.

राहायला दादा-वहिनीकडे. आतली छोटी खोली, इस्त्रीच्या टेबलासकट, माझी. आई-बाबा गेल्यापासून दादा असेल ते माझं घर. हे त्याच्या तोंडावर म्हटलं तर तो आधी भाडं मागेल.

मंगळवार, ५ मार्च

पहिलं काम: घड्याळ. ते का हवंय हे दादाने रंगवून सांगितलं. गेल्या महिन्यात फिल्म संपली, पडदा काळा झाला, पाहुणे बोलायला लागले आणि दादाने माइक उघडलाच नव्हता. पाहुणे बराच वेळ नुसते ओठ हलवत होते. दादाचा दोष नव्हता. फिल्म किती उरली हे आधीचा ऑपरेटर हेडसेटवर तोंडी मोजून सांगायचा, आणि त्या दिवशी मोजताना त्याला शिंका आल्या.

आता हे काम सॉफ्टवेअर करणार. माझ्या प्लेअरवर जी क्लिप चालू असेल तिचा उरलेला वेळ ते नेटवर्कवरून उचलतं आणि मोठ्या आकड्यांत दाखवतं. एक स्क्रीन स्टेजच्या पायथ्याशी वक्त्यासाठी, एक विंगेत, एक केबिनीत दादासमोर. वर क्लिपचं नाव, खाली ‘उरलेला वेळ’. आकडे हिरवे. शेवटच्या मिनिटाला पिवळे, शेवटच्या दहा सेकंदांत लाल. शून्य झालं की दादा माइक उघडणार.

ऐकायला सोपं, पण अर्धा दिवस घड्याळ माझ्यावर रुसून बसलं होतं. प्लेअरचा पत्ता दिला तरी ओळख दाखवेना. शेवटी वैतागून मी सेटिंगमध्ये ‘नेटवर्कवर सापडेल तो प्रत्येक प्लेअर दाखवा’ यावर खूण केली, आणि आकडे धावायला लागले. खरं तर तिथे फक्त माझ्या मशीनचा पत्ता हवा. पण आमच्या धंद्यात एकदा चालू झालेल्या गोष्टीला कुणी हात लावत नाही. कार्यक्रम झाला की नीट करू, असं सगळेच म्हणतात, तसं मीही म्हटलं.

आणखी एक चौकट होती, ‘घड्याळातून प्लेअर चालवू द्या’. ती रिकामी ठेवली. दादालाही तेच पटलं. घड्याळाने दाखवावं, चालवू नये.

शुक्रवार, ८ मार्च

पहिला कार्यक्रम झकास झाला. वक्त्याचं पहिलं अक्षरसुद्धा सांडलं नाही. घाईबाई केबिनीत येऊन चक्क हसल्या आणि लवकर जेवून घ्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत एक गंमत झाली. माझ्या प्लेअरवर काहीच चालू नव्हतं, तरी घड्याळ हिरवं होऊन चालत होतं. वर नाव: कुलूपकाका. मी खो खो हसले. दादाला म्हटलं, हे तुझेच उद्योग. तर तो घास हातात धरून विचारतोय, की कोण कुलूपकाका?

मग लक्षात आलं, की हे नाव मी कुणाला सांगितलेलंच नाही.

प्लेअरच्या यादीत माझ्या मशीनखाली आणखी एक ओळ आली आहे. तिला नाव नाही, पत्ता नाही. बाकीच्या ओळींपुढे खूण काढायची चौकट असते, हिच्यापुढे तीही नाही. बहुतेक मंगळवारी चाचणी घेताना माझ्याच हातून ते नाव टाइप झालं असेल. माझं डोकं दुपारनंतर कुठे असतं ते वहिनीला विचारा. उरलेला वेळ जवळपास एक दिवस दाखवतंय. इतकी लांब क्लिप कोण बनवेल?

शनिवार, ९ मार्च

कुलूपकाका गेले.

जसं झालं तसं लिहिते. दुपारी मी केबिनीत केबली गुंडाळत होते. घड्याळ पिवळं झालेलं दिसलं. खाली काका स्टेजच्या बाजूच्या दाराला कुलूप लावत होते. एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं. लाल झालं. मी काचेवर हात आपटला, का ते माहीत नाही, पण आपटला. काकांनी वर पाहिलं. मग ते थकल्यासारखे जमिनीवर बसले, जुडगा मांडीवर घेऊन, आणि कलंडले. घड्याळावर शून्य. मग काळी स्क्रीन.

डॉक्टर हृदय म्हणाले. वय झालं होतं म्हणाले. दादाने मला बाहेर नेऊन पाणी पाजलं.

सोमवार, ११ मार्च

दादाला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, हसला नाही. योगायोग असतात म्हणाला, आणि तू जेवणाच्या वेळा पाळ म्हणाला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. या वेळी फक्त माझ्या मशीनचा पत्ता दिला. यादीत एकच ओळ आली. दिवसभर दर थोड्या वेळाने बघत होते. एकच ओळ. जीव भांड्यात पडला.

किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला आहे, नवा माणूस मिळेपर्यंत. मीही कुलूप तीनदा ओढते. त्यांची सवय मोडू नये असं वाटलं.

गुरुवार, १४ मार्च

ओळ परत आली.

वर नाव: घाईबाई.

नेटवर्कची वायर काढली. आकडे चालूच. घड्याळाचं मशीन बंद केलं. हे घड्याळ मोबाइलवर पान उघडूनही दिसतं; तिथे पाहिलं, तर चालू. मशीनच बंद आहे तर हे पान येतंय कुठून? दादाला दाखवलं. त्याने स्वतःच्या हाताने प्लग काढला आणि स्वतःच्या डोळ्यांनी मोबाइल पाहिला. मग प्लग लावून पुन्हा काढला.

मी घाईबाईंकडे गेले. तुमचा चेहरा उतरलाय, एकदा तपासून घ्या, म्हटलं. आधी चिडल्या. मी हटेना, तेव्हा कटकट मिटवायला गेल्या. तासाभरात परत. सगळं उत्तम, डॉक्टर म्हणाले तुम्ही आम्हाला पुरून उराल, असं हसत सांगितलं. माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या खांद्यावरून मला विंगेतली स्क्रीन दिसत होती.

शुक्रवार, १५ मार्च

तालमीत. सकाळी, सगळे दिवे चालू असताना, भर स्टेजवर. लवकर, असं म्हणाल्या आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

अँब्युलन्सवाले अगदी पटकन आले. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

घरी येताना दादा म्हणाला, की ते घड्याळ काही करत नाही. ते नुसतं दाखवतं. हे त्याने मला धीर द्यायला म्हटलं. मला त्याने जास्तच घाम फुटला.

सोमवार, १८ मार्च

सभागृह पंधरा दिवस बंद. बाईंचा दुखवटा, आणि त्यात छताचं काम काढलंय, पुढच्या सोमवारी कारागीर येणार. त्याआधी आमची यंत्रं झाकायची, म्हणून आम्ही दोघंच आलो होतो. दादा शिट्टी वाजवत वायरी काढत होता. मी घड्याळाकडे पाठ करून काम करत होते.

त्याची शिट्टी थांबली म्हणून वळले.

वर नाव: दादा.

वाटलं, कुणाचाही दादा असेल, जगात काय कमी दादा आहेत. पण इथे त्याला कोण दादा म्हणतं? कुलूपकाका मी म्हणत होते. घाईबाई मीच म्हणत होते. ही सगळी नावं माझ्या तोंडची आहेत.

उरलेला वेळ उद्या दुपारपर्यंतचा.

दादा माझ्यापेक्षा आधी सावरला. वहिनीला सांगायचं नाही, म्हणाला. डॉक्टरकडे चल म्हणून मी पाया पडले. तो म्हणाला, की बाई गेल्याच होत्या ना डॉक्टरकडे? मग म्हणाला, उद्या मी घरीच बसतो. तिच्या समोर. ओला टॉवेल पलंगावर टाकतो, म्हणजे ती भांडेल. एकदा नीट भांडून घेऊ दे तिला. मी त्याला गच्च धरलं. लहानपणी अंधारात धरायचे तसं.

मी हो म्हटलं. घरीच बस म्हटलं. फक्त सकाळी थोडा वेळ माझ्याबरोबर केबिनीत ये म्हटलं. मला एक गोष्ट करून बघायची आहे.

ती रिकामी चौकट.

मंगळवार, १९ मार्च

मी त्याला फसवलं. जे आहे ते लिहिते.

सकाळी चौकटीवर खूण केली. त्या बेनामी ओळीपुढे दोन बटणं उगवली, प्ले आणि पॉज. एवढीच. मागे नेण्याचं बटण नाही, वेळ वाढवण्याचं नाही. ऑपरेटरचा हात काय शिकलेला असतो? काही बिघडलं की आधी थांबव, मग विचार कर. पॉज केलेल्या क्लिपचा वेळ सरत नाही. हे मला दादाने शिकवलेलं नाही, कुणीच शिकवलेलं नाही, हे बोटांना येतं.

दादाला मात्र सांगितलं, की ती ओळ कायमची पुसायचा मार्ग सापडलाय, थोडं थांब. तो थांबला. घड्याळाकडे बघत बसला. पुन्हा पुन्हा विचारत होता, की जाऊ का? मी म्हणत होते, दोनच मिनिटं. असं करत दुपार झाली. शेवटी त्याने पिशवी खांद्याला लावली. म्हणाला, पोरी, आता सोड, मला तिच्याकडे पोचू दे. पण पोचण्याइतका वेळ उरलाच नव्हता. पिवळं झालं. त्यालाही दिसलं. दाराकडे निघालेला तो अर्धवट वळला, पण नजर दाराकडेच ठेवून म्हणाला, की वहिनीला सांग—

मी पॉज दाबलं.

तो थांबला.

नुसता गप्प झाला नाही. थांबला. उजवी टाच उचललेली आहे. सगळा भार डाव्या पायावर आणि उजव्या चवड्यावर, असं कुणी फार वेळ न हलता उभं राहू शकत नाही. तोंड उघडं. पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरता घसरता थांबलाय. घड्याळावर पिवळे आकडे, स्तब्ध. अठ्ठेचाळीस सेकंद.

मी त्याला हाक मारली. खूप हाका मारल्या.

बुधवार, २० मार्च

गरम आहे. अंग गरम आहे. श्वास नाही, नाडी नाही, पण गरम आहे. म्हणजे गेलेला नाही. मी त्याला जाऊ दिलेलं नाही.

खुर्चीत बसवायला गेले. हलत नाही. हात वाकत नाही. जमिनीत बोल्टने आवळल्यासारखा उभा आहे. एवढा साधा पट्टा, तोही खांद्यावर सरकवता येत नाही.

वहिनीला सांगितलं, दादाला अचानक बाहेरगावच्या कार्यक्रमाला जावं लागलं. तिने विचारलं, न सांगता? मग स्वतःच म्हणाली, की फोनचं चार्जिंग संपलं असेल, कायमचंच आहे. त्याचे शर्ट इस्त्री करून दिले, कुणाच्या तरी हाती पाठव म्हणाली. ते शर्ट मी टेबलाखाली ठेवलेत. त्याच्या पायाशी.

फोन त्याच्या खिशात वाजतो. वहिनीचाच. काढता येत नाही. खिशाचं कापडसुद्धा हलत नाही, आणि फोन आत वाजतो.

गुरुवार, २१ मार्च

मार्ग शोधतेय. सगळी सेटिंगं पाहिली, एकेक ओळ. मागे नेता येत नाही. वाढवता येत नाही. पुन्हा सुरू करता येतं, बस.

त्याच्या डोळ्यांवर धूळ बसली आहे.

उघड्या डोळ्यांवर. बुबुळांवर. कपाटावर बसते तशी. रुमाल ओला करून पुसली. पापणी मिटली नाही. मी पुसता पुसता रडत होते आणि त्याला सॉरी म्हणत होते.

काल तो दाराकडे बघत होता. नक्की. दाराकडे. आज पुसताना त्याचे डोळे माझ्याकडे होते.

शुक्रवार, २२ मार्च

फोन वाजायचा बंद झाला. चार्जिंग संपलं.

त्याच्यासमोर टॉकबॅकचा माइक आहे. स्टेजवरच्यांशी बोलायचा. बोर्डवर त्याचा एक छोटा दिवा असतो, आवाज आला की लुकलुकतो. तो दिवा चालू आहे. लुकलुकत नाही. सलग चालू आहे.

केबिनीत आवाज नाही. कान लावून ऐकलं. काही नाही.

हेडफोन घातले. आवाज पूर्ण वाढवला. खरखर. खरखरीच्या मागे एक बारीक, लांब—

तो सांग या शब्दाच्या पुढचा श्वास आहे. त्याच वाक्यातला. मंगळवारपासून तो तोच श्वास घेतोय. संपत नाही त्याचा.

त्याला कळतंय. मी त्याला आत ठेवलंय आणि त्याला सगळं कळतंय.

शनिवार

प्ले दाबायला बोट जात नाही. अठ्ठेचाळीस सेकंद. मग काय. मग मला कोण आहे.

हेडफोनमधला आवाज चढलाय. कालच्यापेक्षा वर. हेडफोन काढले तरी दातांत ऐकू येतो.

मी पाठ केली की डोळे— वळून पाहिलं. माझ्याकडेच. मी दोन पावलं डावीकडे गेले. पुन्हा पाहिलं. माझ्याकडेच. डोळे हलताना दिसत नाहीत. हललेले दिसतात.

कपड्याने झाकलं त्याला. मग काढलं. माझा दादा आहे तो. मी त्याला घाबरतेय.

परवा कारागीर येणार.

रविवार, सकाळ

वहिनीला सांगितलं. सगळं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला. मला वेड लागलंय असं आधी वाटलं तिला, माझं डोकं छातीशी धरलं. मी किल्ल्या दाखवल्या. चल म्हटलं.

रविवार

आली. पाहिलं.

ओरडली नाही. त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग खाली बसली आणि त्याच्या उचललेल्या टाचेखाली स्वतःची ओढणी घडी करून सरकवली. पाय अवघडला असेल म्हणाली. पाच दिवस. तू याला पाच दिवस असा उभा ठेवलास. मी घरी टॉवेल वाळत घालत होते आणि हा इथे उभा होता.

तिने हेडफोन घातले. लगेच काढले. तिचा चेहरा— मी तो विसरू शकणार नाही. म्हणाली, सोड त्याला. आत्ता. माझ्यासमोर सोड.

मी म्हटलं, वहिनी, अठ्ठेचाळीसच सेकंद आहेत. ती म्हणाली, की ते त्याचे आहेत. तुझे नाहीत.

त्याच्यासमोर उभी राहिली आहे. दोन्ही हात त्याच्या गालांवर. तिने मला शपथ घातली आहे, की काहीही झालं तरी पुन्हा पॉज दाबायचं नाही. मी स्वतःला ओळखते. माझं बोट आपोआप जातं. म्हणून पेन हातात घेतलंय. उजव्या हातात पेन असेल तोवर बटण दाबलं जाणार नाही. जे दिसेल ते लिहीत राहायचं. पेन सोडायचं नाही.

डाव्या हाताने प्ले दाबते आणि तो हात मांडीखाली घेते.

दाबलं.

पिशवी पडली. टाच ओढणीवर टेकली. तो श्वास बाहेर आला, सगळा, केबिनभर. वहिनी त्याला धरतेय. तो तिला बघून दचकला, मग हसला. दादा हसला. काहीतरी बोलतोय तिच्या कानात. मला ऐकू येत नाही. तिच्यासाठीच आहे. येऊ नये.

पिवळं.

ती त्याच्यावर चिडतेय. रडत रडत, फोन का नाही उचललास म्हणून. भांडतेय. तो हसतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हात केला माझ्याकडे, ये म्हणून. मी गेले तर पेन— नाही जाता येत दादा, माझा हात—

लाल.

त्याचे गुडघे गेले. वहिनी त्याला घेऊन खाली बसली. वहिनी माझ्याकडे बघतेय. थांबव म्हणतेय. नको, शपथ घातलीस वहिनी. थांबव म्हणतेय, अगं थांबव ना, फक्त एकदा, ओरडतेय. दादा मान हलवतोय. नको म्हणतोय. माझ्याकडे बघून नको म्हणतोय. पेन सोडायचं नाही. पेन सोडायचं नाही. पेन